रिहर्सलचं रेकॉर्डिंग: माइक कुठे ठेवायचा आणि ऐकताना काय ऐकायचं

वाजवणाऱ्याला बँड ऐकू येत नाही, त्याला स्वतःचं वाद्य ऐकू येतं. ढोलकीवाल्याला ढोलकी, गिटारवाल्याला पायाशी ठेवलेला अ‍ॅम्प, गायकाला स्वतःच्या डोक्यात घुमणारा आवाज. समोर बसलेल्या माणसाला काय पोहोचतं हे खोलीत कुणालाच कळत नाही, कारण समोर कुणी बसलेलंच नसतं. ती रिकामी खुर्ची रेकॉर्डरला द्यायची. हौशी बँडसाठी यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा स्पष्ट बोलणारा गुरू नाही.

इथे डोळ्यांसमोर आहे तो सोलापुरातला नेहमीचा संच: कीबोर्ड, गिटार, बेस, ऑक्टापॅड (ड्रम्सचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक पॅड) किंवा ड्रम्स, ढोलकी, एखादी हार्मोनियम, दोन गायक. कार्यक्रमात मराठी आणि हिंदी, वर एखाददुसरं तेलुगू, कन्नड. जागा म्हणजे विजापूर रोडकडच्या एखाद्या घराची वरची खोली, नाहीतर पूर्व भागातलं रिकामं गोदाम. दिवसभर नोकरी-धंदा, रिहर्सल आठवड्यातून एकदा, दोन तास. त्या दोन तासांचा उपयोग व्हायला हवा.

सामान थोडकंच लागतं. दोन माइक अंगचेच असलेला, हातात मावणारा रेकॉर्डर पुरतो. झूमचा एच१एन किंवा टॅस्कॅमचा तसाच एखादा. फॉरमॅट वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. मिनिटाला साधारण १७ एमबी जातात, तासाला १ जीबीच्या किंचित वर, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात ३० तास बसतात. ऑटो लेव्हल (आवाज आपोआप वर-खाली करणारं), लिमिटर (मोठा आवाज दाबणारा) आणि लो कट (खालचे सूर कापणारा) तिन्ही बंद करायचे. ऑटो लेव्हल चालू राहिलं तर मुखडा हळू आणि कोरस जोरात हा फरकच पुसला जातो, आणि नेमका तोच तपासायचा असतो. कार्यक्रमातलं सगळ्यात जोरकस गाणं वाजवून लेव्हल लावायची आणि वरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायचं. एवढी जागा वाया गेल्यासारखी वाटते, पण टेस्टला सगळे हात राखून वाजवतात आणि गाणं रंगलं की ५-६ डेसिबल सहज चढतात. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो. शून्याला धडकून फाटलेला दुरुस्त होत नाही.

फोनवरही काम भागतं, फक्त तो एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नेटवर्कची टर्र-टर्र येते. फोन ड्रम्सपासून शक्य तितका लांब, खालचा माइक झाकला जाणार नाही असा उभा करायचा. फोनची बहुतेक रेकॉर्डिंग अ‍ॅप्स आवाज स्वतःच वर-खाली करतात, म्हणून त्यावरून लय, सूर आणि शब्द तपासा. कोण जोरात आणि कोण हळू याचा निवाडा फोनवर करू नका.

एक चूक जवळजवळ प्रत्येक बँड करतो: मिक्सरच्या आऊटमधून वायर काढून तेच रेकॉर्ड करायचं. मिक्सरमध्ये फक्त तेच असतं ज्याला खोलीत मदतीची गरज आहे, म्हणजे गायक आणि कीबोर्ड. ड्रम्स आणि गिटारचा अ‍ॅम्प खोलीत आपोआप ऐकू येतात म्हणून मिक्सरमध्ये नसतात. मग रेकॉर्डिंगमध्ये नुसते गायक आणि कीबोर्ड उरतात आणि सगळे म्हणतात ढोलकी कमी पडते. शिवाय मिक्सरचा लाइन आऊट रेकॉर्डरच्या माइक इनपुटमध्ये घातला की आवाज फाटतो. रेकॉर्डरला लाइन इन असेल तर तोच वापरावा.

रेकॉर्डरची जागा

रेकॉर्डर टेबलावर आडवा ठेवू नका. टेबलाची थरथर आत शिरते आणि टेबलावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळून तो पोकळ होतो. माइक स्टँडवर किंवा साध्या ट्रायपॉडवर, जमिनीपासून साडेपाच-सहा फुटांवर, किंचित खाली वाकवून. खोलीच्या बरोबर मध्यात नको आणि कोपऱ्यातही नको. खोलीच्या मध्यात बेसचे सगळ्यात खालचे सूर जवळजवळ गायब होतात, कोपऱ्यात तेच सूर फुगतात. लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास सुरुवात करा आणि बँडला रेकॉर्डरकडे तोंड करून अर्धगोलात बसवा.

मग ३० सेकंद वाजवायचं, थांबायचं, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर ऐकायचं. कुठलं वाद्य बुडतंय? रेकॉर्डर त्या वाद्याकडे अर्धा फूट सरकवा, पुन्हा ३० सेकंद. तीन-चार वेळा केलं की जागा सापडते. सापडली की फरशीवर चिकटपट्टीने खूण करा, उंचीही लिहून ठेवा. पुढचे तीन महिने रेकॉर्डर तिथून हलवायचा नाही. दर आठवड्याला जागा बदलली तर बँड सुधारला की माइक सरकला, हे ओळखता येत नाही.

आवाज एक फूट जायला जेमतेम १ मिलिसेकंद घेतो. रेकॉर्डर ढोलकीपासून २ फुटांवर आणि ऑक्टापॅडच्या स्पीकरपासून १२ फुटांवर असेल तर ९ मिलिसेकंदांचा फरक फक्त अंतराचा आहे. दोघांनी एकमेकांना दोष देण्याआधी टेप घेऊन अंतर मोजावं.

समतोल खोलीतच साधायचा

दोन माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये नंतर कुणाला वर-खाली करता येत नाही. हीच त्याची ताकद. जे बिघडलंय ते खोलीत, हाताने आणि व्हॉल्यूमच्या बटणाने सुधारावं लागतं, आणि ती सुधारणा कार्यक्रमात बरोबर येते.

क्रम असा ठेवा. आधी गायकांचा आवाज, स्पीकरमधून माइकची शिट्टी (फीडबॅक) सुरू व्हायच्या थोडा अलीकडे. ती मर्यादा खोली ठरवते, तुम्ही नाही. बाकी सगळ्यांनी त्याच्याखाली बसायचं. उलट क्रम लावला, म्हणजे आधी ड्रम्स, मग त्यावर गिटार, मग बेस, तर गायकाला जागाच राहत नाही. माइक वाढवला की शिट्टी, ओरडला की घसा बसला. ऑक्टापॅड असेल तर प्रश्न बटणाचा आहे. खरे ड्रम्स असतील तर स्नेअरवर एक टॉवेल टाका आणि काठ्यांऐवजी बारीक काड्यांचे जुडगे वापरा. टॉवेल शोधायला सोलापुरात लांब जावं लागत नाही.

गायकांच्या स्पीकरचं तोंड रेकॉर्डरकडे, स्पीकर कानाच्या उंचीला, आणि गायकाच्या माइकची पाठ स्पीकरकडे. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणाऱ्या, माइकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर तिथेच हवा. माइकची जाळी मुठीत धरली तर हा गुण संपतो आणि हमखास शिट्टी येते. रेकॉर्डिंगमध्ये गायक मधूनच घोगरा, फुगलेला वाटला तर बहुधा तो माइकला ओठ लावतोय; त्या अंतरावर खालचे सूर वाढतात. चार बोटांचं अंतर ठेवायचं आणि मिक्सरवर १०० हर्ट्झखालचं कापायचं.

गिटारच्या बाबतीत कागाळी एकच असते: रेकॉर्डिंगमध्ये गिटार कर्कश येते. अ‍ॅम्प जमिनीवर असतो, त्याचं तोंड वादकाच्या पिंढऱ्यांकडे असतं, आणि वरचे सूर सरळ रेषेत जातात. वादकाला ते ऐकूच येत नाहीत म्हणून तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्याच्या कानात सुई जाते. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून तोंड वादकाच्या कानाकडे करा. पुढच्या टेकला, म्हणजे पुढच्या वेळी रेकॉर्ड करताना, ट्रेबल तो स्वतःच उतरवतो, कुणाला सांगावं लागत नाही.

आवाज गढूळ, सगळं एकात एक, असं वाटलं तर आधी कीबोर्डच्या डाव्या हाताकडे बघा. एकट्याने वाजवताना डाव्या हाताने बेस धरायची सवय असते. बँडमध्ये बेस गिटार आहे, ढोलकीचा धुम आहे, त्यात हा तिसरा. एका टेकला डावा हात पूर्ण उचलून वाजवा आणि दोन्ही टेक ऐका.

खोली आणि चादर

१२ बाय १० फुटांच्या, १० फूट उंचीच्या खोलीत बेसचे काही सूर बाकीच्यांपेक्षा मोठे घुमतात. लांबीमुळे ४८ हर्ट्झच्या आसपास, रुंदी आणि उंचीमुळे ५७ च्या आसपास. रुंदी आणि उंची सारखी असल्याने ५७ चं घुमणं दुहेरी. बेस गिटारवर हे सूर म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आणि ए तारेची मोकळी ए ते पहिल्या फ्रेटवरचा ए शार्प. बेसवाला कधी धडाम आणि कधी गायब वाटतो त्यात त्याच्या बोटांचा दोष कमी असतो. खात्री करायची तर ई तारेपासून एकेक फ्रेट वर चढत, सारख्या जोराने १५ सूर रेकॉर्ड करा. कुठला फुगतो ते ऐकू येईल, छताचा पत्रा किंवा कपाटाची काच कुठल्या सुराला खडखडते तेही. पत्र्याला आणि काचेला रबराचे तुकडे लावा, आणि बेसचा अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या. निम्मं काम होतं.

वरच्या आवाजासाठी सोलापुरी चादर उत्तम आहे, पण ती भिंतीला चिकटवून टांगली की वाया जाते. कापड हवेची हालचाल अडवून आवाज शोषतं आणि भिंतीला लागून हवा हलतच नाही. भिंतीपासून ४ इंचांवर लाकडी पट्टी ठोकून, चादर दुहेरी करून, चुण्या पाडून सोडा. साधारण ८५०-९०० हर्ट्झपासून वर चांगला फरक पडतो. अंतर एक फूट केलं तर ३०० पर्यंत खाली येतो. ५७ हर्ट्झच्या घुमण्याला हाच हिशेब लावला तर चादर पाच फूट पुढे टांगावी लागेल, म्हणजे खोलीच्या मध्यावर! बेस चादरीने मरत नाही. त्यासाठी कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत कापसाच्या गाद्या रचल्या तर थोडा फरक पडतो. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. पातळ पुठ्ठ्याचे ते. जेमतेम वरचे सूर खातात, घुमणं तसंच राहतं, आणि पेट घेतात.

किती चादरी? मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागे टर्र असा धातूसारखा आवाज येत असेल तर दोन उघड्या भिंती समोरासमोर आहेत. त्यातल्या एकीवर चादर सोडा, पुन्हा टाळी. टर्र गेली की थांबा. सगळी खोली झाकली तर वरचे सूर मरतात, खालचे तसेच राहतात आणि आवाज कोंदट होतो.

उन्हाळा, कूलर आणि सूर

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला गेला की रेकॉर्डिंगची खरी परीक्षा. पंखा चालू ठेवला तर माइकवर वारा, बंद केला तर माणसं बसत नाहीत. गाणं चालू असेपर्यंतची ४-५ मिनिटं पंखा बंद, दोन गाण्यांच्या मध्ये चालू, हा तोडगा चालतो. निदान उभ्या पंख्याची दिशा तरी रेकॉर्डरकडे नको, आणि माइकवर फोमची टोपी हवी.

कूलर हा वेगळा विषय. त्याची घरघर येतेच, पण मोठं नुकसान ढोलकीचं होतं. कोरड्या हवेत पुडी ताणलेली असते, कूलरच्या ओल्या हवेत ती ओलावा धरते आणि सूर उतरतो. पहिल्या गाण्याला लावलेली ढोलकी चौथ्या गाण्याला उतरलेली, हे वाजवताना हळूहळू होत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये पहिलं आणि चौथं गाणं लागोपाठ लावा, ताबडतोब कळतं. ढोलकी कूलरच्या झोतातून बाहेर काढा आणि दर दोन गाण्यांनी सूर तपासा. उष्णतेने गिटारच्या तारा सैल पडून सूर उतरतो, बासरी मात्र तापलेल्या हवेत चढते. दोघं एकाच गाण्यात असतील तर लावून झाल्यावर लगेच वाजवायला घ्या, चहा नंतर.

हार्मोनियम असेल तर एक तपासणी एकदाच करायची. ट्यूनर अ‍ॅप लावून तिची पांढरी सहा (ए) धरा. कीबोर्डचा ए ४४० हर्ट्झवर असतो. जुन्या पेट्या पुष्कळदा त्याच्या वर असतात. पेटी ४४३ निघाली तर दोन्ही एकत्र धरल्यावर सेकंदाला ३ हेलकावे ऐकू येतात, आणि गायक कुणाला धरून गाणार? पेटी बदलत नाही, म्हणून कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग ४४३ करा आणि गिटार-बेसच्या ट्यूनरलाही तोच आकडा द्या. कीबोर्डचं ट्रान्सपोज आधीच्या गाण्यातलं राहिलेलं नाही हे प्रत्येक टेकआधी मोठ्याने विचारायचं.

पूर्व भागात यंत्रमागाची खडखड भिंतीतून येते. ती चादरीने थांबत नाही आणि सॉफ्टवेअरने काढली तर ढोलकीची चाट पण जाते. माग बंद असतील ती वेळ शोधणं हाच उपाय. चालू मागाच्या शेजारी लय तर अजिबात तपासू नका, कारण मागालाही स्वतःची पक्की लय असते आणि हात नकळत तिकडे ओढला जातो.

सतत गुंऽऽ येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, मग पंख्याचा रेग्युलेटर. सगळं सामान एकाच बोर्डवरून घ्या. जुन्या पेठांमधल्या घरांत पुष्कळदा अर्थिंगच नसतं. आधी वायरमनला दाखवा. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक आहेत. ते करू नका. गिटारची तार बोटाखाली आणि माइक ओठाला, अशा वेळी जीव जाऊ शकतो.

ऐकणं

प्रत्येक टेकआधी एकाने माइकसमोर गाण्याचं नाव आणि टेकचा क्रमांक बोलायचा, मग काउंट. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

रिहर्सलमध्ये पूर्ण गाणं ऐकत बसू नका, दोन तास त्यातच जातात. सुरुवात, पहिल्या म्युझिक पीसवरून अंतऱ्यात येण्याची जागा आणि शेवट, एवढंच ऐका आणि दुसरा टेक घ्या. बाकीचं घरी. फाइल ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरी फार हळू लावू नका; हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी येतात आणि उगाच बेस पातळ वाटतो.

पहिल्या वेळी प्रत्येकजण फक्त स्वतःलाच ऐकतो. ते टळत नाही, होऊ द्या. दुसऱ्या वेळी स्वतःचं वाद्य सोडून ऐकायचं आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट.

आधी लय. केरव्याची ८ आवर्तनं सुरुवातीला किती सेकंदांत झाली ते घड्याळाने मोजा, मग शेवटच्या अंतऱ्यात मोजा. सुरुवातीला २४ सेकंद आणि शेवटी साडेबावीस आले तर गाणं जवळजवळ ७ टक्के पळालं. २ टक्क्यांपर्यंत सोडून द्या, तेवढी गाण्याची ऊब असते. पळालं कुठे हे शोधणं महत्त्वाचं, कारण लय सगळीकडे सारखी पळत नाही, ठरावीक जागी उडी मारते: ढोलकीच्या उठानानंतर, कोरस आत येतो तिथे, म्युझिक पीस संपून गायक शब्द उचलतो तिथे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. वाजत असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी लेबल लागतं. लेबल लागलेल्या चार ओळीच पुढच्या आठवड्यात १० वेळा वाजवा, सगळं गाणं नव्हे. ऑक्टापॅडवाल्याच्या एका कानात मेट्रोनोम द्या. सगळ्यांना दिला तर कुणी कुणाला ऐकत नाही.

मग शेवट. हौशी बँड ओळखू येतो तो शेवटच्या समेवर: एक आधी, एक नंतर, आणि कीबोर्डचा सूर लोंबकळत राहिलेला. कोण कट देणार आणि हात कुठे दिसणार हे ठरवल्याशिवाय तो सुधारत नाही.

मग सूर, खासकरून दोन गायक एकत्र येतात तिथे. आणि शेवटी शब्द. गाणं माहीत नसलेल्या घरच्या कुणाला एकदा ऐकवा आणि कळलेले शब्द लिहून घ्या. तेलुगू-कन्नड गाण्यांना तर ज्याची ती भाषा आहे असा शेजारी हवाच, आणि तो सोलापुरात मिळतोच.

दोन टेक शेजारी ठेवून तोलताना दोघांचा आवाज आधी सारखा करा. एक डेसिबलने मोठा असलेला टेक चांगलाच वाटतो, चांगला वाजवलेला असो वा नसो.

आठ-दहा इनपुटचं मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेणारं, रेकॉर्डिंग कधी घ्यावं? एकाच वाद्याची चूक एकट्याने ऐकायची असेल तेव्हा. त्यासाठी इंटरफेसला (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या पेटीला) खरंच आठ स्वतंत्र इनपुट आहेत का ते पाहा. पुष्कळ स्वस्त यूएसबी मिक्सर कॉम्प्युटरला फक्त डावा-उजवा एकत्र मिक्स देतात. आणि आठ ट्रॅक असले तरी खुणेवरचा तो रेकॉर्डर चालू राहू द्या, समोरच्या खुर्चीचं म्हणणं तोच सांगतो.

खोलीत लावलेला बेसचा टोन हुतात्मा स्मृती मंदिराच्या मोठ्या प्रेक्षागृहात बदलतो आणि गणपतीच्या उघड्या मांडवात तर कोसळतो, कारण तिथे घुमायला भिंतच नसते. म्हणून वर्षातून एक-दोन रिहर्सल गच्चीवर किंवा अंगणात घ्या, तोच रेकॉर्डर, तीच उंची, बँडपासून १२-१५ फुटांवर. बेसवाल्याने खोलीतल्या आणि बाहेरच्या नॉबच्या जागेची खूण वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीने अ‍ॅम्पवरच करून ठेवावी. कार्यक्रमाच्या दिवशी ती शोधायला वेळ नसतो.